फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन: चार्ली गॉर्डन नक्की किती जण?

पडवी

(रसभंगाचा इशारा: शेवटासकट सगळं लिहिलंय. वाचायची असेल तर आत्ताच मागे फिरा.)

डॅनियल कीज यांची 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन' नुकतीच संपवली. मूळ लघुकथा १९५९ची, तिची पुढे १९६६मध्ये कादंबरी झाली. माझी उडी कादंबरीवर.

ज्यांनी वाचली नाही आणि तरीही खाली येणार आहेत (तुम्ही येणारच) त्यांच्यासाठी थोडक्यात: न्यूयॉर्कमधला चार्ली गॉर्डन, वय ३२, आयक्यू ६८. डॉनरच्या बेकरीत झाडलोट करतो, सामान पोचवतो. संध्याकाळी बीकमन कॉलेजच्या प्रौढांच्या वर्गात ॲलिस किनियन बाईंकडे लिहा-वाचायला शिकतो. डॉ. स्ट्रॉस आणि प्रा. नीमर यांनी एका शस्त्रक्रियेने अल्जरनॉन नावाच्या उंदराची बुद्धी वाढवलेली असते, आता त्यांना माणूस हवा असतो. शस्त्रक्रिया होते, चार्लीचा आयक्यू १८५ला पोचतो. आणि मग उंदीर बिघडायला लागतो.

सगळी कादंबरी म्हणजे चार्लीने लिहिलेले 'प्रगती अहवाल'. मार्चमध्ये सुरू, नोव्हेंबरमध्ये बंद. सुरुवातीला एक शब्द धड नाही. एप्रिलमध्ये त्याला विरामचिन्हांचा शोध लागतो तेव्हा तो पानभर स्वल्पविराम पेरून ठेवतो, दोन शब्दांमध्ये, शब्दाच्या पोटात, दिसेल तिथे. दोनच दिवसांत सगळे आपापल्या जागी. मी तिथे हसत होते आणि मग एकदम हसू थांबलं.

तर मुद्दा. हुशार झालेल्या चार्लीला जुना चार्ली दिसत राहतो. ॲलिसच्या जवळ जायला लागला की तो जुना मुलगा कुठूनतरी, खिडकीतून, दारातून, टक लावून बघत असतो. मग 'मी' कोण? माझं मत असं की हे तीन वेगळे लोक आहेत. पहिला ऑपरेशन टेबलवर संपला, दुसरा सहा-सात महिने जगला, आणि शेवटी उरला तो फक्त त्याच नावाचा कुणीतरी. स्वतःचा शोध बिध काही लागत नाही, कारण शोधणाराच बदलत राहतो.

पटतंय का?

---

चहाटळ

रुमाल टाकून ठेवतो. पानभर स्वल्पविराम म्हणजे आमच्या सोसायटीच्या सचिवांची नोटीस.

---

शंकासुर

पुस्तक चांगलं आहे, पण ही विज्ञानकथा आहे यावर माझा कायम आक्षेप. शस्त्रक्रिया काय होती? मेंदूत नेमकं काय केलं? दोन ओळींत उरकलंय. बाकी सगळं रडारड. आई वाईट, बाप गरीब, प्रेम अपुरं, शेवटी थडग्यावर फुलं. टेबल, स्कॅल्पेल आणि उंदीर काढून टाकले तर आपल्या जुन्या कौटुंबिक चित्रपटात बसेल. फे लिलमन नावाची शेजारीण तर निव्वळ सोयीसाठी आणली आहे. चित्रं काढते, नाचते, घरात पसारा, डोक्याला ताप नाही. ॲलिसच्या बाबतीत जे जमत नाही ते हिच्याबरोबर जमवायचं एवढंच तिचं काम.

---

ओहायोकर

शंकासुर, तुमच्या आक्षेपात दम असता तर लघुकथेला १९६०चा ह्यूगो आणि कादंबरीला नेब्युला मिळाला नसता. :) नेब्युला सॅम्युअल डिलेनींबरोबर विभागून, पण मिळालं. विज्ञानकथावाल्यांनीच दिलेत हे पुरस्कार, अश्रूंच्या मंडळाने नाही.

माझा मुलगा इथे आठवीत होता तेव्हा त्याला मूळ लघुकथा अभ्यासाला होती. अमेरिकेत बऱ्याच शाळांमध्ये असते. गंमत म्हणजे कादंबरीवर इथल्याच काही शाळांमध्ये आणि ग्रंथालयांमध्ये पालकांनी आक्षेपही घेतलेत, त्यातल्या शारीरिक जवळिकीच्या प्रसंगांमुळे. लघुकथेत ते नाहीच. तिथे चार्ली बेकरीत नाही तर प्लॅस्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात सफाई करतो, आई-बाप-बहीण नाहीत, ॲलिसशी प्रेमप्रकरण नाही. मुलगा म्हणाला, कथा जास्त चांगली आहे. मी म्हटलं, तुला कादंबरी कळायला अजून वीस वर्षं जाऊ देत. तो म्हणाला, हा युक्तिवाद नाही. (खरंय, नाही.)

कीज पुढे आमच्याच राज्यात ओहायो विद्यापीठात शिकवत होते. अथेन्स गावातलं. कोलंबसचं नव्हे, इथे दोन्ही विद्यापीठांचे लोक या चुकीवर फार चिडतात.

---

पडवी

ओहायोकर, तुमच्या मुलाला माझ्याकडून चहा.

शंकासुर, विज्ञानकथेत एकच गोष्ट बदलायची असते आणि मग ती बदलल्यावर माणसांचं काय होतं ते प्रामाणिकपणे बघायचं असतं. यंत्राचे नटबोल्ट मोजत बसायचे असतील तर वेगळी पुस्तकं आहेत.

---

कफपित्त

बालरोगतज्ज्ञ या नात्याने शंकासुरांना अर्धं उत्तर देतो. विज्ञान अगदीच नाही असं नाही. कादंबरीत चार्लीच्या स्थितीचं कारण म्हणून फेनिलकीटोन्युरियाचा उल्लेख आहे. यात प्रथिनांमधलं फेनिलॲलॅनिन पचवायचं एन्झाइम काम करत नाही, ते रक्तात साठत जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. नॉर्वेच्या फोलिंग यांनी १९३४मध्ये हा आजार ओळखला. कादंबरी लिहिली जात होती त्याच काळात, १९६०च्या सुरुवातीला, अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब गाळणकागदावर घेऊन करायची स्वस्त चाचणी आणली. पहिल्या काही दिवसांत निदान झालं आणि आहार सांभाळला तर मूल इतर मुलांसारखं वाढतं. आपल्याकडे ही चाचणी अजूनही सगळीकडे सरसकट होत नाही.

डाएट शीतपेयाच्या कॅनवर बारीक अक्षरांत 'फेनिलकीटोन्युरिक व्यक्तींसाठी नाही' अशा अर्थाची ओळ असते ती याच लोकांसाठी. ॲस्पार्टेममधून फेनिलॲलॅनिन मिळतं म्हणून.

उरलेलं अर्धं शंकासुरांच्या बाजूने: एकदा इजा झाल्यावर बत्तिसाव्या वर्षी शस्त्रक्रियेने ती भरून काढणं तेव्हाही शक्य नव्हतं, आत्ताही नाही. तेवढी सूट लेखकाने घेतली आहे. पण चार्ली शेवटी स्वतःच्याच ऱ्हासाचा नियम मांडतो, की बुद्धी जितकी कृत्रिम वाढवली तितक्याच प्रमाणात ती वेगाने जाते, आणि त्याला 'अल्जरनॉन-गॉर्डन परिणाम' असं नाव देतो, तो शोधनिबंध लिहिण्याचा भाग मला कुठल्याही अवकाशयानापेक्षा जास्त वैज्ञानिक वाटतो. प्रयोग फसला, हे प्रयोगातल्या उंदरानेच सिद्ध करून सही करायची.

---

चहाटळ

डॉक्टर, 'प्रयोगातला उंदीर' चार्लीला म्हणालात की अल्जरनॉनला?

---

कफपित्त

नीमरला विचारा. त्याला फरक माहीत नव्हता, तीच तर भानगड.

---

आंबटगोड

आत्ताच वाचतेय, पन्नासेक पानं झाली. शेवट सांगितलात!! इशारा वाचला होता, तरी आले. स्वतःलाच बोल.

एक विचारायचंय. चार्ली नीमरला कोणा रहजमतींच्या लेखाबद्दल सुनावतो असा एक प्रसंग आहे म्हणे, हिंदीतला?

---

ओहायोकर

हो हो! 'हिंदू जर्नल ऑफ सायकोपॅथॉलॉजी'. रहजमती नावाच्या संशोधकाने तानिदाच्या एन्झाइमच्या सिद्धांताची चिरफाड केली आहे, लेख अजून भाषांतरित झालेला नाही, चार्लीने मूळच वाचलाय. आणि नीमरला ना हिंदी येतं ना जपानी. तेवढ्यावरून चार्लीच्या मनातला नीमरचा पुतळा कोसळतो. शिकागोच्या परिषदेच्या सुमाराचं आहे ते.

रहजमती कुठल्या गावचे यावर आमच्या घरी बराच वाद झाला. आडनाव की नाव हेच ठरेना.

---

चहाटळ

जळगावकडचे. नक्की. हिंदीत शोधनिबंध छापला म्हणजे विदर्भही असू शकेल.

---

शंकासुर

म्हणजे बघा, १९६६मध्ये अमेरिकन लेखकाला वाटत होतं की भारतात अत्याधुनिक जीवरसायनशास्त्र हिंदीत छापलं जातं. ही मात्र शंभर टक्के विज्ञानकथा. मागे घेतो माझा आक्षेप.

---

लादीपाव

आमची तीन पिढ्यांची बेकरी आहे, त्यामुळे मी ही कादंबरी बेकरीची म्हणून वाचली. हसू नका. कीजना बेकरी माहीत होती असं वाटतं.

एक एप्रिलचा प्रसंग घ्या. पीठ मळायच्या यंत्रावर चार्लीला मस्करी म्हणून उभा करतात, बिघडवलं तर बघू गंमत. आणि तो चालवून दाखवतो. ज्याने कधी मैद्याच्या गोणीसमोर ते यंत्र चालू केलंय त्यालाच कळेल की पाणी कधी, पीठ कधी, यंत्र कधी थांबवायचं हे नुसतं बघून बघून डोक्यात बसतं. चार्ली सतरा वर्षं बघतच होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं इतकंच. मला तिथे शंका आली की सगळं श्रेय ऑपरेशनला देणं बरोबर आहे का.

आणि दुसरा तो गिंपी. गल्ल्यावर ओळखीच्या गिऱ्हाइकांना कमी पैसे लावतो आणि फरकातला वाटा नंतर खिशात घालतो. चार्लीला एक दिवस हे दिसतं. आता काय करायचं? डॉनरला सांगायचं तर गिंपीची नोकरी जाणार. गिंपी तर चार्लीशी त्यातल्या त्यात बरा वागणारा. नीमर म्हणतो तुझा संबंध नाही, तू नुसता बघणारा. स्ट्रॉस म्हणतो सांगायलाच हवं. दोन पंडितांची दोन मतं. मग ॲलिसकडे जातो, ती म्हणते तूच ठरव. आणि त्याला पहिल्यांदा उमगतं की आपण ठरवू शकतो. तो मालकाकडे जात नाही, गिंपीलाच गाठून सांगतो की हे बंद कर.

पडवीताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. बुद्धी वाढली तेव्हा माणूस बदलला नाही, निर्णय घेतला तेव्हा बदलला.

---

पडवी

लादीपाव, फार आवडला प्रतिसाद. पण त्याच बेकरीतले सगळे पुढे त्याला काढून टाका म्हणून अर्ज देतात ना? फक्त फॅनी बर्डन सही करत नाही. आणि तीसुद्धा त्याला ॲडम-ईव्हची गोष्ट ऐकवते, ज्ञानाचं फळ खाल्लं आणि बागेतून बाहेर गेले. म्हणजे हा नवा माणूस त्यांना जुन्यापेक्षा परका वाटला. त्यांच्या दृष्टीनेही दोन वेगळे लोक!

---

लादीपाव

परका नाही, डोईजड. फरक आहे. ज्याला हसून दिवस काढायचा तोच आपल्याला हिशेब शिकवायला लागला तर कारखान्यात असंच होतं. आमच्याकडे अशांना काढत नाहीत, रात्रपाळीला टाकतात.

---

सहाण

मी इथे सहसा लिहीत नाही. वाचते फक्त. पण या पुस्तकावर लिहायचंय, जरा लांबेल.

माझा मोठा भाऊ बौद्धिक अक्षमता असलेला आहे. आता चाळिशी ओलांडली. रोज कार्यशाळेत जातो, तिथे कागदी फाइली बनवतात, गठ्ठ्याला पन्नास. त्याच्या गठ्ठ्यात एकोणपन्नास कधी निघत नाहीत. पाहुणे आले की त्याच्यासमोर बसून मला विचारतात, 'याला चहा चालतो का गं?' तो बहिरा नाही. त्याला चहा चालतो, साखर दोन चमचे, आणि तो स्वतः सांगू शकतो.

म्हणून या कादंबरीबद्दल माझ्या मनात राग आहे आणि ओढही आहे. राग याचा की चार्लीला माणूस म्हणा, हे सांगायला त्याला आधी १८५ व्हावं लागतं. शिकागोच्या परिषदेत नीमर अशा थाटात बोलतो की प्रयोगाआधी चार्ली होताच कुठे, आपणच त्याला घडवला. आणि चार्ली पेटून उठतो, उंदीर घेऊन पळून जातो. वाचताना आपण टाळ्या वाजवतो. पण तो पेटू शकतो कारण आता त्याच्याकडे शब्द आहेत. आयक्यू ६८ असतानाचा चार्लीही माणूसच होता, हे वाक्य कादंबरीत हुशार चार्लीच्या तोंडून येतं. ६८च्या तोंडून आलं असतं तर कुणी छापलं असतं?

ओढ आहे ती नॉर्मामुळे. तिच्याबद्दल या धाग्यावर कुणीच बोललं नाही, कधीच बोलत नाहीत. धाकटी बहीण. लहानपणी परीक्षेत पहिला दर्जा मिळवला तर कुत्रं घेऊन देऊ असं कबूल केलेलं असतं. मिळवते. मग वडील म्हणतात चार्लीलाही त्याची देखभाल करू दे. ती म्हणते मग मला कुत्रंच नको, आणि पुन्हा अभ्यासही करणार नाही. सगळे वाचक तिथे तिला दुष्ट ठरवतात. मी नाही ठरवत. मला तो राग माहीत आहे. घरात जे काही असेल ते आधी त्याचं, मग उरलं तर आपलं, आणि त्याला तर कशाचा पत्ताच नाही, मग भांडायचं कुणाशी.

मोठेपणी हीच नॉर्मा भ्रमिष्ट झालेल्या आईला एकटी सांभाळते. चार्ली भेटायला येतो तेव्हा ती त्याला मिठी मारते. आणि अगदी सुरुवातीच्या एका अहवालात एक ओळ आहे, सगळ्यांच्या नजरेतून सुटते: ऑपरेशनला परवानगी दिली ती नॉर्माने. सही तिची आहे.

मी अशा सह्या करते. आई-वडिलांनंतर पालकत्वाचे कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे मीच ठेवले. उद्या कुणी डॉक्टर येऊन म्हणाला, तुमच्या भावाला हुशार करतो, तर मी सही करेन का? वाचल्यापासून हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात आहे. चार्ली एक की तीन हा प्रश्न ज्यांच्या घरात चार्ली नाही त्यांचा आहे, असं जरा कडवट वाटलं. माफ करा पडवी.

---

निळीशाई

सहाण, लिहीत जा हो.

---

कफपित्त

सहाणताई, तुमच्या सहीच्या प्रश्नाला कायद्याची एक बाजू आहे. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात स्पष्ट आहे की दिव्यांग व्यक्तीवर कुठलंही संशोधन करायचं तर तिची स्वतःची, समजून-उमजून दिलेली संमती हवी, आणि ती तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली हवी. शिवाय समितीची पूर्वपरवानगी. बहिणीच्या एकट्या सहीवर बीकमनवाल्यांचं आज इथे भागलं नसतं.

पण पुस्तकातच बघा, चार्लीला विचारलेलं आहे. तो हो म्हणतो, उत्साहाने म्हणतो. का म्हणतो? हुशार झालो तर मित्र मिळतील म्हणून. कुणाला तरी आवडावं म्हणून दिलेली संमती ही संमती का, यावर आमच्या व्यवसायात रोज डोकं फुटतं. ओपीडीत 'डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं' म्हणणारे सगळे हुशारच असतात.

---

पडवी

सहाण, माफी कशाची मागता. नॉर्माच्या सहीची ओळ मी वाचून पुढे गेले होते, आत्ता परत जाऊन काढली. तुमच्या शेवटच्या वाक्यावर मात्र भांडणार आहे, पण आज नाही.

---

कात्री

चार्ली वडिलांच्या सलूनमध्ये जातो तो प्रसंग आठवतो का कुणाला? माझ्या मते संपूर्ण पुस्तकातला सगळ्यात क्रूर प्रसंग, आणि त्यात कुणी कुणाशी वाईट वागत नाही.

वडील मॅट आता ब्राँक्समध्ये स्वतःचं सलून चालवतात. हा जाऊन खुर्चीत बसतो. केस कापून घेतो, दाढी करून घेतो. वडिलांची बोटं चेहऱ्यावर, पाती गळ्यावर, आरशात दोघंही समोर. ओळख द्यावी की नाही याच विचारात. त्यांना काहीच कळत नाही, गिऱ्हाइकाला बरं वाटत नाहीये एवढंच दिसतं. शेवटी हा उठून निघतो आणि मागून वडील हाक मारतात, काही विसरलात का? क्षणभर आपल्यालाही वाटतं, ओळखलं! तर पैसे द्यायचे राहिलेले असतात.

स्वतःचा शोध घेत माणूस थेट जन्मदात्यापर्यंत जातो आणि तिथे तो गिऱ्हाईक असतो.

---

आंबटगोड

हेही सांगितलंत. आता मी पुस्तक कशाला वाचू? (तरी वाचणार. रात्री जागून ऐंशी पानं ओलांडली.)

---

शंकासुर

कात्री, प्रसंग जबरदस्त आहे, मान्य. सहाण यांच्या प्रतिसादाला तर माझ्याकडे उत्तरच नाही.

पण शेवटाबद्दल माझी कुरकुर आहेच. लेखकाला सगळं परत हिरावूनच घ्यायचं होतं का? थोडी बुद्धी ठेवली असती, ॲलिसबरोबर साधा संसार... लगेच दगड मारू नका.

---

ओहायोकर

शंकासुर, अभिनंदन, तुम्ही 'गॅलक्सी' मासिकाचे संपादक आहात. होरेस गोल्डने अगदी हेच सुचवलं होतं: चार्ली हुशारच राहू दे, ॲलिसशी लग्न होऊ दे, कथा लगेच घेतो. कीजना तेव्हा पैशांची गरज होती. लेखकमित्र फिलिप क्लास यांनी त्यांना बजावलं की शेवटाला हात लावलास तर बेसबॉलच्या बॅटने तुझे पाय मोडीन. शेवट राहिला, कथा दुसऱ्या मासिकात गेली. पुढे कादंबरीच्या वेळीही प्रकाशकांनी हाच घोळ घातला, नकारावर नकार आले.

मुळात हे सुचलं कुठून, तर कीज ब्रुकलिनच्या एका शाळेत मागे पडलेल्या मुलांच्या वर्गाला शिकवत होते. एका मुलाने येऊन विचारलं, मी खूप मेहनत करून हुशार झालो तर मला नेहमीच्या वर्गात बसवाल का? या प्रश्नाला 'लग्न होतं आणि सुखाने नांदतात' हे उत्तर कसं चालेल?

ह्यूगो देताना आयझॅक असिमोव्ह यांनी मंचावरून विचारलं होतं, हे याने केलं तरी कसं? त्यावर कीजचं म्हणणं, तुम्हाला कळलं तर मलाही सांगा, मला परत करून बघायचंय.

---

चहाटळ

विज्ञानकथा आणि ओळख यावरून आठवलं. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कुणी लेखकाने 'कृष्णविवर' कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस घेऊन गेला. आद्याक्षरं उलटी वाचा. ज. वि. ना. नाव बघून बक्षीस मिळायला नको म्हणून नारळीकरांनी स्वतःचीच ओळख लपवली.

(मी शाळेत असताना निबंधावर हुशार मुलाचं नाव घालून पाहिलं होतं. उलटा प्रयोग. गुण तेवढेच.)

---

कात्री

त्यांचीच 'प्रेषित' या धाग्यात यायला हवी की. परक्या ग्रहावरचं मूल पृथ्वीवर माणूस म्हणून वाढतं आणि मग आपण कोण हे कळतं. पण तिथे ओळख कळल्यावर काय करायचं याचा प्रश्न विश्वाच्या पातळीवर आहे, इथे बेकरीच्या. मला बेकरी जवळची.

---

लादीपाव

+१. मला तर आहेच.

---

निळीशाई

सगळं शांतपणे वाचत होते. आता पडवीच्या मूळ प्रश्नाकडे येते, धागा फार फिरून आलाय.

पडवी म्हणते पहिला चार्ली आणि शेवटचा चार्ली यांच्यात फक्त नाव सारखं. मी उलट सांगते: शेवटचे अहवाल आणि पहिले अहवाल शेजारी ठेवून वाचा. शुद्धलेखन तितकंच मोडलेलं. विरामचिन्हं गेली. जुन्या सवयीने तो किनियनबाईंच्या वर्गात जाऊन बसतो, आपण तिथे आता शिकत नाही हेही लक्षात राहत नाही. वरवर पाहिलं तर माणूस मार्चमध्ये परत गेला.

पण मार्चमधल्या चार्लीला लोक हसतात ते आपल्याला हसतात हे ठाऊकच नव्हतं. बेकरीतले जो आणि फ्रँक आपले जिवलग, अशी त्याची समजूत. शेवटच्या अहवालात तो नीमरसाठी निरोप ठेवतो, की लोक हसले तर इतकं चिडत जाऊ नका, लोकांना आपल्यावर हसू दिलं की मित्र मिळणं सोपं असतं. वाचा परत. या माणसाला आता माहीत आहे. हसणं काय असतं, त्याची किंमत काय, आणि ती देऊन काय मिळतं. मार्चमधला चार्ली हे लिहूच शकला नसता. १८५वालाही नाही, तो तर चिडलेलाच होता, हॉटेलात बशा फुटल्यावर त्या पोऱ्याला हसणाऱ्यांवर ओरडणारा. (बरोबरच ओरडला. पण आधी तोही हसला होता, हे तो स्वतःच लिहितो.)

दुसरं, वॉरनच्या संस्थेत (बौद्धिक अक्षमता असलेल्यांना ठेवतात ती) जायचं तो स्वतः ठरवतो. लहानपणी आईला त्याला घराबाहेर काढायचं होतं, ती चाकू घेऊन उभी राहिली होती. आता तो आपल्या पायाने जातो, कुणी दया दाखवू नये म्हणून. लादीपावांनी निर्णयाचं म्हटलं ना, तो धागा इथपर्यंत येतो. हिशेब गेला, भाषा गेली, वीस भाषा वाचणारं डोकं गेलं, ठरवायची ताकद नाही गेली.

म्हणून माझं उत्तर: चार्ली एकच. तो जे शिकला ते बुद्धीत साठलेलं नव्हतं, त्यामुळे बुद्धी गेली तरी ते गेलं नाही.

---

पडवी

नीमरच्या निरोपाचं मी भोळेपणा म्हणून वाचलं होतं, तू शहाणपण म्हणून वाचतेस. दोन्ही बसतं, आणि माझा मुद्दा तिथेच आहे: त्याला माहीत आहे की नाही हे आपण ठरवतोय, तो नाही. आठवणींचा दोर तुटल्यावर 'एकच माणूस' कशावरून म्हणायचं? पुस्तकात तो म्हणतो की फाटक्या वेष्टनाचं एक निळं पुस्तक वाचताना छान वाटलं होतं एवढं अंधुक आठवतं. तेवढ्यावर तू एक माणूस उभा करतेस. मी अजून तीनवरच आहे. पण तिसऱ्याला 'नुसत्या नावाचा' म्हटलं होतं ते काढते. तिसरा मला आता तिघांत जास्त आवडायला लागलाय.

---

सहाण

निळीशाई, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. हसण्याची किंमत माहीत असणं, हे माझ्या भावाला आहे. फार पूर्वीपासून. कार्यशाळेतली मुलं नक्कल करतात तेव्हा तो आधी माझ्याकडे बघतो, मी चिडले आहे का ते बघायला. मी चिडले नसेन तरच तो हसतो. त्याला कुणी ऑपरेशन केलेलं नाही.

म्हणजे कीजने चार्लीला मार्चमध्ये जितका अजाण दाखवलाय तितका ६८चा माणूस असतो का, ही माझी शंका.

---

कफपित्त

नसतो. इतका सरसकट नसतो. हा कादंबरीचा खरा कच्चा दुवा आहे, ऑपरेशन नव्हे.

---

शंकासुर

चला, शेवटी विज्ञानाची चूक सापडली, आणि ती डॉक्टरांनी नाही, ताईंनी काढली. मी परत वाचायला घेतोय, यावेळी नॉर्माच्या बाजूने.

---

आंबटगोड

एक कामाचा प्रश्न: पुण्यात कागदी प्रत कुठे मिळेल? मी वाचतेय ती ग्रंथालयाची आहे, परवा परत करायची. आणि आधीच्या वाचकाने शेवटच्या पानावर पेनाने रडका चेहरा काढून ठेवलाय.

---

चहाटळ

अप्पा बळवंतला मिळायला हवी, नाहीतर मागवून देतील. पेनाच्या चेहऱ्याबद्दल मला काही माहीत नाही.

---

लादीपाव

आंबटगोड, माझ्याकडे जादा प्रत आहे, मैद्याचे डाग पडलेली. निरोपातून पत्ता कळवा, खारीबरोबर पाठवतो.